शेवटचे प्रकरण पुन्हा लिहिताना

लालबागच्या चाळीत राहणारी पंधरा वर्षांची मुलगी आणि दारूच्या आहारी गेलेले तिचे वडील, अशी किशोर कादंबरी लिहायला घेतली, तेव्हा मला फारसे काही शोधावे लागणार नव्हते, कारण ती मुलगी बरीचशी मीच होते. जिन्यावरच्या पावलांवरून बाबा आज किती प्यायले आहेत हे ओळखणे, शेजारच्या काकूंना "त्यांना ताप आहे" असे सांगणे, बाटलीतली निम्मी दारू मोरीत ओतून तेवढेच पाणी भरून ठेवणे, हे सारे मी केलेले होते. ती प्रकरणे भराभर लिहून झाली.

अडले ते शेवटाशी. पहिल्या खर्ड्यात दहावीच्या निकालादिवशी वडील मुलीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतात आणि दुसऱ्या दिवसापासून दारू सुटते. व्यसनमुक्तीचे काम करणाऱ्या एका डॉक्टरबाईंनी तिथे समासात लिहिले, "दुसऱ्या दिवशी यांचे हात थरथरत नाहीत?" वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याने दारू एकाएकी थांबवली, तर काही तासांतच कंप आणि घाम सुरू होतो, काहींना फिट येते आणि दोन-तीन दिवसांनी भास होऊन जिवावरही बेतू शकते, म्हणून ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली, औषधे देऊन सोडवावी लागते, हे त्यांनी मला समजावून सांगितले. ऐकताना एक रात्र डोळ्यांसमोर आली. बाबा चादरीवरचे नसलेले मुंगळे झटकत होते आणि फार चढली आहे असे समजून आई आणि मी त्यांच्यावर ओरडत होतो. त्याआधीचे दोन दिवस ते थेंबभरही प्यायले नव्हते.

पुढे मी मद्यपींच्या कुटुंबीयांसाठी असलेल्या अल-अनॉनच्या सभांना जाऊ लागले. ही चळवळ अमेरिकेत 1951 साली सुरू झाली आणि तिची किशोरवयीनांसाठीची शाखा, अलाटीन, 1957 साली. हे व्यसन आपल्यामुळे जडलेले नाही, आपण ते आवरू शकत नाही आणि बरेही करू शकत नाही, हे तिथे वारंवार ऐकले, तरी मनात उतरायला फार दिवस लागले. आणखी चांगले गुण मिळवले असते तर बाबा थांबले असते, असे मी तोवर खरोखरच मानत आले होते, आणि तीच समजूत मी माझ्या वाचकांच्या हाती देणार होते.

नव्या खर्ड्यात वडील उपचार घेऊन येतात आणि चार महिन्यांनी पुन्हा पितात. मुलीने त्या रात्री काय करावे, हे मात्र सुचेना. खर्डा आईला वाचून दाखवला, तेव्हा तापाच्या प्रसंगाशी ती मला थांबवून म्हणाली, "काकूंना सगळं ठाऊक होतं गं. तू कधी सांगतेस, याची वाट बघत होत्या त्या."

आता शेवटच्या प्रकरणात जिन्यावर पावले वाजतात, मुलगी दप्तर उचलते आणि शेजारचे दार वाजवून म्हणते, "काकू, बाबांना ताप नाहीये."