तांदळातला लॅपटॉप आणि ४८ आकडी कुलूप

जुलैचा शेवटचा आठवडा म्हणजे माझ्याकडे भिजलेल्या लॅपटॉपचा सीझन. २०२४ च्या जुलैत तर पंचगंगेनं ४३ फुटांची धोका पातळी ओलांडलेली, राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडलेले, निम्मं कोल्हापूर मोबाईलवर राजाराम बंधाऱ्यावरच्या पाणीपातळीचे फूट-इंच बघत बसलेलं आणि आमच्या मागच्या खोलीत टेबलावर ओल्या मशिनी. घरातूनच काम करते मी, चिप लेव्हल रिपेअरिंग, म्हणजे बोर्डावरचे बारीक पार्ट दुरुस्त करायचे, बाहेर पाटी वगैरे काही नाही, ऐकून ऐकून लोक येतात.

त्या दिवशी सकाळी कागलकडचे एक टॅक्सवाले सर आले, पन्नाशीतले, रेनकोटातून पाणी निथळतंय आणि हातात स्टीलचा मोठा डबा. दारातूनच विचारलं, "साहेब हायत काय ओ?" म्हटलं साहेब एमआयडीसीत गेलेत, लॅपटॉप मीच बघते. "असं होय," म्हणून डबा टेबलावर ठेवला आणि झाकण काढलं तर घमघमाट! आतमध्ये आजऱ्याचा घनसाळ तांदूळ आणि त्यात उभा खुपसलेला लॅपटॉप. मिसेसचं माहेर आजऱ्याचं, घरात तोच तांदूळ असतो म्हणे. आता घनसाळाच्या भावात कुणी लॅपटॉप वाळत घालतं का, पण माणूस घाबरला की काय सुचेल सांगता येत नाही.

झालेलं असं की गाडीवरून येताना सॅकमधल्या पाण्याच्या बाटलीचं झाकण सैल झालं आणि सगळं पाणी खाली साचलं, लॅपटॉप त्यात उजव्या अंगावर उभा. आणि शटडाऊन नव्हता बरं का, नुसता झाकण मिटून ठेवलेला म्हणजे स्लीपमध्ये, आत करंट चालूच. घरी गेल्यावर फडक्यानं पुसला आणि चालतोय का बघायला चार्जर लावला, स्क्रीन एकदा फडफडली आणि गप्प. मग तांदूळ. दोन रात्री.

तांदळाबद्दल एकदा बोलूनच टाकते. त्यानं काहीही होत नाही. वरवरचं पाणी वाऱ्यानं पण सुकतं, जे चिपच्या पोटाखाली आणि कनेक्टरमध्ये शिरलंय ते तांदूळ ओढून घेत नाही, आणि पाणी उडून गेलं तरी त्यातले क्षार बोर्डावरच राहतात. खरा घात होतो तो पाणी आणि करंट एकत्र आल्यावर, तांबं खायला सुरुवात होते आणि ते काम तासाभरात सुद्धा दिसायला लागतं. त्यामुळे भिजला की पॉवरचं बटण दाबून धरून बंद करायचा, चार्जर काढायचा, जमत असेल तर खालचं कव्हर खोलून बॅटरीचा कनेक्टर काढायचा, आणि चालू करून बघायचा मोह आवरायचा. ऊन, हेअर ड्रायर नको, स्क्रीनच्या थरांमध्ये पाणी पसरतं आणि मग ते डाग जात नाहीत.

सरांना मशिनचं काही नव्हतंच. "लॅपटॉप गेला तर जाऊ दे ताई, डेटा तेवढा द्या." त्या वर्षी ३१ जुलै इन्कम टॅक्स रिटर्नची शेवटची तारीख होती, त्यानंतर तेव्हाच्या २३४एफ कलमाखाली पाच हजारांपर्यंत लेट फी, आणि यांच्याकडे गावातले शिक्षक, दुकानदार, दूध संस्थेतले लोक असे कितीतरी जणांचे हिशोब. टॅलीचा डेटा, एक्सेलची कॉम्प्युटेशन्स, स्कॅन केलेले फॉर्म १६, सगळं त्याच मशिनमध्ये. बॅकअप होता, मार्चमधला, पेनड्राईव्हवर.

मी म्हटलं त्यात काय, एसएसडी म्हणजे डेटाची डिस्क काढू, केसिंगला लावू, कॉपी मारू, चहा होईपर्यंत काम होईल. खालचं कव्हर उघडलं, पहिल्यांदा बॅटरी सोडवली, फॅनमध्ये तांदळाची पिठी बसलेली आणि एचडीएमआयच्या पोर्टात एक दाणा फुगून असा घट्ट बसलेला की सुईनं फोडून काढायला लागला. एसएसडी मात्र कोरडीठाक, डाव्या बाजूला होती. माझ्या लॅपटॉपला लावली. ड्राईव्ह दिसला, पण कुलपाच्या चिन्हासकट. बिटलॉकर, विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप. ४८ आकडी रिकव्हरी की मागतोय.

सर म्हणाले, "पासवर्ड हाय की, चार आकडी." तो पिन, तो फक्त त्याच मशिनपुरता. हल्लीच्या बऱ्याच विंडोज ११ मशिनमध्ये मायक्रोसॉफ्ट अकाउंटनं पहिल्यांदा लॉगिन केलं की डिस्क आपोआप एन्क्रिप्ट होते, मालकाला पत्ता पण नसतो. चावी ठेवलेली असते बोर्डावरच्या टीपीएम नावाच्या तिजोरीत, म्हणजे ह्या असल्या मशिनला प्रोसेसरच्याच आत. डिस्क दुसरीकडे नेली की चावी मागे राहते. मग उरते ती रिकव्हरी की, ती त्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये सापडते. अकाउंट कुणी काढलं? दुकानातल्या पोरानं, घेताना. ईमेल कुठला? माहीत नाही. दुकानात फोन लावला, तो पोरगा नोकरी सोडून पुण्याला गेलेला आणि त्याला कशाला आठवतंय.

म्हणजे डेटा समोर पडलाय धडधाकट, आणि तो उघडायचा तर हाच मेलेला बोर्ड, हाच प्रोसेसर, एकदा तरी उठवायला पाहिजे. दुसरा बोर्ड आणून बसवून चालणार नाही. बायोसची, म्हणजे मशिन सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामची, चिप पुन्हा मारून चालणार नाही, डेड सेटला बरेच जण आधी तेच करतात, पण इथं बायोसमध्ये जरा काही बदललं की टीपीएम चावी सोडत नाही आणि परत तीच की मागणारा निळा स्क्रीन. सरांना हे सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी नुसतं विचारलं, "आज होईल न्हवं?" मी हो पण म्हटलं नाही आणि नाही पण म्हटलं नाही.

बोर्ड बाहेर काढला. उजव्या कडेला कार्ड रीडरपाशी हिरवट-पांढरी बुरशीसारखी पावडर. बोर्डावरचा छोटा सेल काढू की नको यात जरा घुटमळले, ओल्या बोर्डाला सेल लागलेला असला की गंज चालूच राहतो, आणि काढला तर बायोसची घडी बिघडायची भीती. पण सेटिंग बहुतेक वेळा चिपमध्येच सेव्ह असतात, म्हणून काढला. आयपीए, म्हणजे साफसफाईचं अल्कोहोल, ओतून मऊ ब्रशनं सगळा भाग घासला, उलटा धरून परत घासला, ब्लोअरनं मंद हवेवर वाळवला.

डीसी सप्लायवर १९ व्होल्ट दिला तर अँपिअरचा आकडा नुसता उचकी लागल्यासारखा, ०.०३ आणि शून्य, ०.०३ आणि शून्य. म्हणजे कुठंतरी शॉर्टिंग आहे आणि आयसी स्वतःला वाचवायला बंद होतोय. मीटर लावला, मेन लाईन ठीक, फाइव्ह व्होल्टची कॉइल ठीक, थ्री व्होल्टच्या कॉइलवर एक ओहमपण नाही. सापडलं म्हटलं. पण त्या लाईनवर सगळ्या बोर्डभर कॅपॅसिटर असतात, सगळे काळ्या तिळाएवढे, कुठला गेलाय ते डोळ्यानं कळत नाही. मग जुनी युक्ती, कॉइलवर फक्त एक व्होल्ट द्यायचा, करंट तीन अँपिअरला बांधून टाकायचा आणि बोर्डावर आयपीएचा पातळ हात फिरवायचा. जिथं शॉर्ट आहे तिथं गरम होतं आणि तिथलं अल्कोहोल सगळ्यात आधी उडतं. बघत बसायचं. कार्ड रीडरच्या शेजारी मोहरीएवढा एक ठिपका बाकीच्या आधी कोरडा झाला, परत लावलं, परत तोच. थर्मल कॅमेरा असता तर हे क्षणात झालं असतं, पण त्याची किंमत बघून मी अजून आयपीएवरच आहे.

हॉट एअरनं तो कॅपॅसिटर उचलला. मीटर लावला, शॉर्ट गायब. लाईनवर तसले बरेच असतात, एक नसला तरी चालतं.

आता चालू करायचा तर पॉवरचं बटण कीबोर्डमध्येच, आणि कीबोर्डची उजवी बाजू मेलेली. बॅटरी पण जोडायची नव्हती, तिच्या कनेक्टरवर हिरवं दिसत होतं आणि भिजलेल्या लिथियम बॅटरीशी मी खेळत नाही. एसएसडी परत बोर्डावर लावली आणि चिमट्यानं स्विचच्या दोन पिना टेकवल्या. ०.०४... ०.३... ०.९. फॅन हलला. सर खुर्चीतून उठून माझ्या पाठीमागे आले, त्यांचा श्वास ऐकू येत होता अक्षरशः. कंपनीचा लोगो आला. खाली गोल फिरणारे ठिपके आले, आणि ते ठिपके काय थांबेनात. निळा आला तर संपलं. मग स्क्रीन काळी झाली, आणि मागून डोंगराच्या फोटोवर घड्याळ आलं, तारीख चुकीची पण आलं. यूएसबी कीबोर्ड लावून सरांनी पिन टाकला, पहिला चुकला, हात थरथरत होता, दुसऱ्याला उघडलं.

मी आधी डेटाला हात लावला नाही. आधी कमांड मारून ती ४८ आकडी की काढली, कागदावर लिहिली, मोबाईलवर फोटो काढला, सरांना पाठवला. कारण बोर्ड पुन्हा कधी झोपेल सांगता येत नाही, पण की हातात असली तर डिस्क कुठंही उघडते. मग कॉपी लावली. मध्येच लाईट गेली, त्या आठवड्यात ती जातच होती, पण सप्लाय यूपीएसवर होता म्हणून कॉपी चालू राहिली. टॅलीचं फोल्डर, एक्सेल, स्कॅन, सगळं एक्स्टर्नल डिस्कवर आलं, माझ्या लॅपटॉपवर दोन-चार फायली उघडून दाखवल्या तेव्हा कुठं सरांनी चहाला हात लावला, तो पार गार झालेला.

मग बिल. अडीच हजार सांगितले. सरांनी चष्मा वर केला, अकाउंटचा माणूस शेवटी.

"ताई, नवीन काय बसवलंसा?"

"काही नाही. एक कॅपॅसिटर काढला."

"काढला? म्हंजे बसवलं कायबी न्हाई, उलट त्यातलंच एक कमी केलं, आणि त्याचं अडीच हजार?"

"सर, तुम्ही लोकांचा टॅक्स कमी करून देता तेव्हा फी घेता का नाही?"

हसले, दोन हजाराच्या हिशोबानं पाचशेच्या चार नोटा ठेवल्या, बाकीचे कीबोर्ड आला की देतो म्हणाले, आणि एक्स्टर्नल डिस्क प्लास्टिकच्या तीन पिशव्यांत गुंडाळून शर्टाच्या आत घातली. लॅपटॉप माझ्याकडेच ठेवून गेले. ३१ तारीख होऊन गेल्यावर येतो, तोवर बॅटरीचं पण बघून ठेवा म्हणाले.