काळा पडदा दिसला तरी लगेच पाठ फिरवू नका

पडदा काळा असलेला जुना कॉम्प्युटर विकत घ्यावा का, असं तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर सांगतो. लॅमिंग्टन रोडच्या एखाद्या पोटमाळ्यावर किंवा चोर बाजारात मटण स्ट्रीटला ॲपलचा जुना मॅक, बीबीसी मायक्रो हा ब्रिटिश कॉम्प्युटर, नाहीतर आयबीएमचा पीसी सापडतो. पडदा काळा असतो किंवा मधोमध नुसती एक रेघ असते, आणि दुकानदार म्हणतो, "चालू होता, घरी नेऊन लावा." घ्यावा की नाही? बिघाड काचेत, म्हणजे पिक्चर ट्यूबमध्ये, आहे की सर्किटमध्ये, एवढं दुकानातच ठरवा. सर्किट दुरुस्त होतं. पिक्चर ट्यूब गेली तर तशीच दुसरी मिळण्यासाठी दुसरं जुनं मशिन फोडावं लागतं.

प्लग लावायच्या आधी मोबाइलचा टॉर्च पडद्यावर तिरका मारा. बंद पडद्यावरही मेनूच्या ओळी किंवा अक्षरं पुसटशी दिसली तर फॉस्फर, म्हणजे काचेच्या आतला उजळणारा लेप, जळलेला आहे आणि तो डाग जन्मभर राहणार. कडेने आत शिरलेले पांढरट, बुरशीसारखे ठिपके मात्र वेगळे. पुढची संरक्षक काच आणि ट्यूब यांच्यामधला चिकट थर सुटला की ते येतात, जुन्या टर्मिनलांमध्ये तर फारच. दिसायला भयंकर, पण ट्यूब शाबूत असते आणि धीराने काम करणारा माणूस तो थर काढू शकतो. असा मॉनिटर भाव पाडून जरूर घ्यावा.

मग मागच्या जाळीतून ट्यूबच्या मानेकडे बघा. तिथे काचेला आतून आरशासारखा चंदेरी-काळपट डाग असतो. तो दुधासारखा पांढरा झाला असेल तर आत हवा शिरली आहे, पुढचं काही तपासायची गरज नाही. बघायचं ते जाळीतूनच, कव्हर उघडू नका. 9 इंची मॅकमध्येही 12 हजार व्होल्टच्या आसपास असतात, रंगीत मॉनिटरमध्ये 20 ते 25 हजार, आणि बंद केल्यावरही ट्यूबमध्ये चार्ज उरतो.

मागचं लेबल वाचायचं विसरू नका. अमेरिकेहून आलेल्या मशिनवर 115 आणि 230 असा स्विच असतो. तो 115 वर असताना आपल्याकडच्या सॉकेटला लावला तर पॉवर सप्लाय गेलाच समजा. काहींना स्विचच नसतो. लेबलवर नुसतं 120 असेल तर स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मरशिवाय कोणालाही प्लग लावू देऊ नका.

आता चालू करा आणि हाताची मागची बाजू काचेजवळ न्या. लव उभी राहिली, बारीक चरचर जाणवली तर हाय व्होल्टेज येतंय. मानेत नारिंगी उजेडही दिसला तर ट्यूब तापतेय. दोन्ही आहेत आणि पडदा काळा, म्हणजे दोष बहुधा व्हिडिओ सेक्शनमध्ये, केबलमध्ये किंवा खुद्द कॉम्प्युटरमध्ये. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत धूळ बसलेल्या ट्यूबमधून तडतड आवाज आणि ओझोनचा उग्र वास येऊ शकतो. तो थांबला नाही तर लगेच बंद करा. आधी साफसफाई हवी.

एकच आडवी रेघ म्हणजे मेकॅनिकच्या भाषेत "व्हर्टिकल गेलं". जुन्या छोट्या मॅकमध्ये याचं नेहमीचं कारण म्हणजे ॲनालॉग बोर्डवर (पॉवर आणि पडदा सांभाळणाऱ्या सर्किटवर), ट्यूबच्या कॉइलची वायर जिथे बसते त्या कनेक्टरचं सोल्डर तडकलेलं असतं. पिनभोवती केसाएवढी गोल भेग दिसते. नवं सोल्डर भरलं की चित्र परत येतं, म्हणून या रेघेला घाबरून मशिन सोडू नये. फक्त ब्राइटनेस ताबडतोब कमी करा, नाहीतर तीच रेघ फॉस्फर जाळते. ब्राइटनेस वाढवल्यावर चित्र फुग्यासारखं मोठं होत असेल तर हाय व्होल्टेज कमजोर आहे, तेही दुरुस्त होतं. मला खरी भीती वाटते ती आपोआप, सावकाश उजळणाऱ्या चित्राची. पाच मिनिटांनीही पांढरा भाग मळकट, चंदेरी आणि पसरट दिसत असेल तर ट्यूब थकली आहे, मग बाकी मशिन कितीही देखणं असो.

दोष कॉम्प्युटरचा असेल तर ते कानाला कळतं, निदान बीबीसी मायक्रोमध्ये. 1984 साली सुरू झालेल्या क्लास या सरकारी कॉम्प्युटर-साक्षरता प्रकल्पातून हे मशिन आपल्या शाळांमध्ये आलं आणि मोहालीच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्सने ते एससीएल युनिकॉर्न नावाने बनवलंही, त्यामुळे ते अजून हाती लागतं. चालू केल्यावर आधी जाड आवाज, मग लगेच बारीक "बीप" यायला हवा. पहिला आवाज साउंड चिप आपणहून काढते, तो थांबवून दुसरा काढतो तो प्रोसेसर. जाड आवाज थांबलाच नाही तर प्रोसेसर चालतच नाहीये, मॉनिटरला दोष देऊ नका. दोन्ही आवाज आले पण अक्षरं विचित्र असली तर आंधळेपणाने MODE 4 (चित्र दाखवायची दुसरी पद्धत) टाइप करून रिटर्न दाबा. सुरुवातीचा मोड 7 वेगळ्या टेलिटेक्स्ट चिपवर, एसएए5050 वर, चालतो. मोड 4 स्वच्छ दिसला तर आधी तीच चिप तपासायची, आणि ती सॉकेटमध्ये असते. गोल बीएनसी सॉकेटमधून चित्र कृष्णधवल आलं तर तो बिघाड नाही, मशिन मुळात तसंच यायचं.

कमोडोर 64 या जुन्या घरगुती कॉम्प्युटरचा पडदा काळा असेल तर मशिनच्या आधी ॲडॉप्टर मल्टिमीटरवर घ्या. आतला रेग्युलेटर बिघडला की 5 व्होल्टची लाइन वर चढते आणि रॅमच्या चिप मारते. 5.25 च्या वर रीडिंग आलं तर तो मशिनला लावूच नका. त्याच कंपनीचा अमिगा 500 दोष कुठे आहे ते स्वतःच सांगतो: पडदा हिरवा म्हणजे चिप रॅममध्ये (चित्र-आवाजाच्या चिपही वापरतात त्या मेमरीत), लाल म्हणजे रॉममध्ये (कायमच्या प्रोग्रॅमच्या चिपमध्ये).

आयबीएममध्ये घोळ पिनांचा. एमडीए, सीजीए, ईजीए या तिन्ही प्रकारच्या डिस्प्ले कार्डांना तोच 9 पिनचा कनेक्टर, पण आयबीएमच्या 5151 या एमडीएच्या मॉनिटरला आडव्या रेघांचा वेग 18.4 किलोहर्ट्झ लागतो आणि सीजीए कार्ड 15.7 देतं. चित्राच्या तिरक्या पट्ट्या होतात, आणि तसंच चालू ठेवलं तर 5151 कायमचा जाऊ शकतो. म्हणून कार्डाचं नाव कळेपर्यंत जोडणी नको. आजचे बहुतेक एलसीडी मॉनिटर 31.5 किलोहर्ट्झच्या खाली चित्रच धरत नाहीत, त्यामुळे दुकानातल्या नव्या मॉनिटरवर काही आलं नाही यावरून काहीच सिद्ध होत नाही.

लॅपटॉपच्या काळ्या पडद्यावर टॉर्च तिरका मारल्यावर अक्षरं दिसली तर पॅनल जिवंत आहे, बॅकलाइट (मागचा दिवा) किंवा त्याला वीज देणारा इन्व्हर्टर गेलाय. व्हिनेगरसारखा वास आणि बुडबुडे म्हणजे दमट हवेने पोलरायझर, म्हणजे पॅनलवरची पातळ फिल्म, कुजलाय. बदलता येतो, पण किचकट काम आहे.

घ्यायचं ठरलंच तर लोकलच्या गर्दीत नेऊ नका. टॅक्सीच्या मागच्या सीटवर, पडदा सीटच्या पाठीला टेकवून ठेवा. पावसाळा असेल तर घरी आणल्यावर पंख्याखाली एक दिवस सुकू द्या, मगच प्लग लावा.