पाकिटामागची बारीक अक्षरं

काकूंनी बोक्याची जाळीची पिशवी टेबलावर ठेवली, शेजारी जाडजूड फाइल ठेवली आणि म्हणाल्या, "सगळं करून झालंय, डॉक्टर. खाणंसुद्धा तीनदा बदललं. आता स्टिरॉइड हाच उपाय, असं सांगितलंय. सुरू करू का, तेवढंच विचारायला आलेय."

सहा वर्षांचा, घराबाहेर न जाणारा देशी बोका, नाव बंड्या. वर्षभर शी पातळ, आठवड्यातून एक-दोन उलट्या. वजन ४.६ किलोवरून ३.५ वर आलेलं. पाठीवरून हात फिरवला तर एकेक मणका बोटांना लागत होता. भूक मात्र उत्तम. खाल्लेलं अंगीच लागत नव्हतं.

फाइलमध्ये जंताची औषधं होती, मेट्रोनिडॅझोल या अँटिबायोटिकचे कोर्स होते. गोळ्या चालू तोवर शी घट्ट, थांबवल्या की चार-आठ दिवसांत पुन्हा पहिले पाढे. शी तपासलेली, जिआर्डिया हा आतड्यातला परजीवी नाही, यकृत आणि मूत्रपिंडं ठीक, ल्युकेमिया आणि एफआयव्ही या मांजरांच्या दोन विषाणूंच्या तपासण्या निगेटिव्ह. सोनोग्राफीत आतड्याची भिंत जरा जाड, रक्तात बी१२ कमी. तीन आठवड्यांपेक्षा जास्त काळ पोट बिघडलेलं असेल आणि दुसरं कारण सापडत नसेल, तर आधी खाण्याची नीट परीक्षा घ्यायची असते. बरीच मांजरं नुसत्या आहाराने सुधारतात, आणि सुधारायची असतील तर पोटाच्या तक्रारीत फरक साधारण दोन आठवड्यांत दिसू लागतो. म्हणून "तीनदा बदललं" हे मला तपासून बघायचं होतं.

काकूंचं घर दवाखान्यापासून जवळच आहे. त्यांच्या मुलाला फोन केला आणि सांगितलं, बंड्याच्या तोंडात जे जे जातं ते सगळं घेऊन ये, रिकामी पाकिटंसुद्धा. तो पिशवी भरून घेऊन आला. पहिलं कोरडं खाणं चिकनचं, ते बंद केलेलं. दुसऱ्यावर मोठ्ठा मासा छापलेला, पण मागच्या घटकांच्या यादीत पोल्ट्री मील, म्हणजे कोंबडीसारख्या पक्ष्यांच्या मांसाची भुकटी, अगदी वरच. तिसरा टूनाचा पाउच. अक्षरं इतकी बारीक की मुलाने मोबाइलवर फोटो काढून मोठा केला. त्यातही चिकन. वर केस गळू नयेत म्हणून रोज दिलं जाणारं सिरप, चिकन फ्लेवरचं. काकू पाकिटं उलटीपालटी करत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे आम्ही फक्त पाकिटाचा रंग बदलत होतो?"

यात त्यांचा काय दोष? पुढच्या बाजूला माशाचं चित्र असेल तर माणूस मासाच समजणार.

स्टिरॉइड इतक्यात सुरू करू नका, असं सांगितलं. हायड्रोलाइज्ड आहार लिहून दिला. त्यात प्रथिनांचे इतके लहान तुकडे केलेले असतात की शरीराची संरक्षण यंत्रणा सहसा त्यांच्यावर बिथरत नाही. अट एकच, दुसरं काहीही नाही. सिरप बंद, सुकट बंद, सकाळची साय बंद. (मोठ्या मांजरांना दुधातली साखर नीट पचत नाही. दूध हा मांजराचा आहार, ही आपल्याकडची समजूत फार चिवट आहे.) काकूंनी विचारलं, "त्यापेक्षा घरी मटण शिजवून दिलं तर?" कल्पना चुकीची नाही, पण नुसतं मटण महिनोन् महिने चालत नाही. कॅल्शियम हवं, टॉरिन हे मांजराला खाण्यातून मिळावंच लागणारं पोषकद्रव्य हवं. टॉरिन कमी पडलं की मांजराचं हृदय फुगून कमकुवत होतं, हे १९८७ साली कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी दाखवलं, तेव्हापासून तयार खाण्यात ते पुरेसं घालू लागले. घरच्या पातेल्यात त्याचा हिशेब आपोआप बसत नाही.

बी१२ची इंजेक्शनं आठवड्याला एक, अशी सहा आठवडे दिली. हे जीवनसत्त्व लहान आतड्याच्या शेवटच्या भागात शोषलं जातं. तो भाग आजारी असला की साठा संपत जातो, आणि बी१२ कमी असताना चांगला आहारही पुरता लागू पडत नाही.

बंड्याने नवं खाणं हुंगलं आणि तोंड फिरवलं. भूक लागली की खाईल, असं कुत्र्याच्या बाबतीत एखादा दिवस म्हणता येतं. मांजराला उपाशी ठेवून हट्ट मोडायचा नसतो. दोन-तीन दिवस खाल्लं नाही तर यकृतात चरबी साठून जीवावर बेतू शकतं. त्यामुळे जुन्यात नवं थोडं थोडं मिसळत, कोमट पाण्याने वास उठवत आठवडाभरात बदल केला. फक्त नव्यावर आल्यानंतरच्या दुसऱ्या आठवड्यात सकाळीच काकूंनी घट्ट, आकार असलेल्या शीचा फोटो पाठवला. मला इतका आनंद झाला की मी लगेच फोन केला.

दोन महिन्यांनी वजन ४.१ किलो. आणि तेव्हा मी सांगितलं, आता उकडलेल्या चिकनचा छोटा तुकडा रोज द्या.

काकू चिडल्याच. "बरं झालेल्या लेकराला मुद्दाम आजारी पाडायचं?" त्यांचा राग मला पटत होता. पण हे केल्याशिवाय बोका चिकन बंद केल्याने सुधारला, हलक्या आहाराने की बी१२ने, हे कळत नाही, आणि जन्मभर महागडं खाणं आणि भीती दोन्ही मागे लागतात. दोन दिवस विचार करून त्या तयार झाल्या. तिसऱ्या दिवशी शी पातळ झाली, रात्री उलटी. चिकन बंद केलं, आठवड्यात गाडी रुळावर. थोडे दिवस थांबून तसंच मटण देऊन पाहिलं. ते पचलं.

आता रोजचं खाणं तेच हायड्रोलाइज्ड, आणि रविवारी मटणात कांदा-लसूण पडायच्या आधी बंड्याचे दोन तुकडे बाजूला निघतात. कांदा-लसूण मांजराच्या तांबड्या पेशी फोडतात, म्हणून आधी. बी१२ पुन्हा तपासलं, व्यवस्थित आहे. आतड्याचा एक सावकाश वाढणारा कर्करोगही सुरुवातीला असाच दिसतो आणि बायॉप्सी, म्हणजे आतड्याचा तुकडा काढून तपासणं, आपण केलेली नाही, हे मी काकूंना स्पष्ट सांगितलंय. दर महिन्याला वजन करायचं ठरलंय. मटण-चिकनचा काही संबंध नसताना वजन उतरू लागलं, तर वाट न बघता बायॉप्सी.