तुम्ही विचारलंत म्हणून: साथीच्या काळात मी काय सोडलं

नव्याने शिकवायला लागलेले सहकारी भेटले की हा प्रश्न येतोच. "मॅडम, कोविडच्या त्या दोन वर्षांत दिवसभर स्क्रीनसमोर शिकवायचं, घरचंही बघायचं. स्वतःला कसं सांभाळलंत?" व्यायाम, ध्यान, एखादा छंद असं काहीतरी ऐकायला मिळेल, अशी त्यांची अपेक्षा असते. मी सांभाळलं ते काही कामं सोडून देऊन. आणि ती सोडायचं धाडस यायला मला आठ महिने लागले.

११ मार्च २०२० ला जागतिक आरोग्य संघटनेने कोविडला महासाथ म्हटलं आणि बघता बघता जगभरातली कॉलेजं बंद झाली. मला वाटलं, महिनाभराचा प्रश्न आहे, ढकलून नेऊ. म्हणून प्रत्येक तास लाइव्ह, त्याचं रेकॉर्डिंग, टाइप केलेल्या नोट्स, शिवाय ज्यांचं नेट गेलं त्यांच्यासाठी रात्री व्हॉइस मेसेज. महिनाभराचा दम घेऊन निघाले होते, रस्ता संपेचना.

आधी घसा गेला. वर्गात शेवटच्या बाकावरची एखादी मान हलली की आवाज पोचल्याचं कळतं. इथे समोर नुसते काळे चौकोन आणि त्यांत नावांची आद्याक्षरं. "आवाज येतोय का?" विचारलं की बराच वेळ शांतता, मग कोपऱ्यात एक अंगठा. माईक तोंडाशी असूनही मी पंचेचाळीस मिनिटं ओरडत होते, हे डॉक्टरांनी लक्षात आणून दिलं. आवाज खाली आणा, मध्ये मध्ये पाणी प्या, सारखं खाकरू नका, त्याने स्वरतंतूंना आणखी त्रास होतो, असं त्यांनी सांगितलं. एवढ्याने खूप फरक पडला.

दुसरा ताण माझ्याच चेहऱ्याचा होता. तासन्‌तास स्वतःकडे बघत कोणी शिकवतं का? स्टॅनफर्ड विद्यापीठातले जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ मध्ये व्हिडिओ कॉलच्या थकव्याची जी चार कारणं मांडली, त्यांत हे एक होतं. मी माझा चौकोन लपवला. त्याच आठवड्यात संध्याकाळची डोकेदुखी कमी झाली.

पण खरं सांगायचं ते पुढचं आहे. एका रात्री पावणेबाराला एका विद्यार्थ्याचा मेसेज आला, "मॅडम, जाग्या आहात का?" वडील ऑक्सिजनवर होते आणि तो घरी एकटा. मी दोन वाजेपर्यंत त्याच्याशी बोलले. त्याबद्दल कधीच वाईट वाटलं नाही. मात्र मग असे मेसेज रोज यायला लागले, आणि मी प्रत्येकाला उत्तर देत राहिले. एका दुपारी एका मुलीने आजी गेल्याचं कळवलं, तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला: म्हणजे हिची तोंडी परीक्षा पुन्हा घ्यावी लागणार. मी फोन उलटा ठेवला आणि बराच वेळ तशीच बसून राहिले. थकव्याला मी घाबरत नव्हते, या विचाराला घाबरले. कामाच्या ताणाने माणूस पार थकतो, त्याला काम जमेनासं होतं आणि त्याचं मनही कामापासून तुटतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात 'बर्नआउट'च्या या तीन खुणा दिल्या आहेत. माझ्याकडे तिन्ही होत्या.

तेव्हा आम्ही तिघींनी मिळून पाळ्या लावल्या. रात्री नऊनंतर एकीचाच फोन सुरू, दोघींचे बंद. मुलांना तसं सरळ सांगून टाकलं, आणि समुपदेशकांचा नंबर ग्रुपवर सगळ्यांत वर लावला. दुःख ऐकणं हेही काम आहे आणि ते एकट्याने रोज पेलत नाही, हे मुलांना चटकन समजलं. मोठ्यांना समजायला वेळ लागला.

तासही मी निम्मा केला: पंचवीस मिनिटं मी बोलणार, उरलेला वेळ मुलं विचारणार. कॅमेरा सुरू ठेवायचा हट्ट सोडला. कोणाच्या मागे कोणती भिंत आहे, कोण त्याच खोलीत झोपलंय, हे दाखवायची सक्ती मी कोण करणार?

एक राग मात्र अजून आहे. त्याच काळात रोजच्या तासाचे स्क्रीनशॉट जोडून अहवाल भरायला लावत होते, आणि त्यावर रविवारी सकाळी ताणमुक्तीचं सक्तीचं वेबिनार. दोन अहवाल कमी केले असते तर आम्हाला तेवढी झोप मिळाली असती. शिक्षकांनी स्वतःची काळजी घ्यावी असं ज्यांना मनापासून वाटतं, त्यांनी आधी शिक्षकांच्या अंगावरचं काहीतरी उतरवावं.

पाळ्या आम्ही बंद केल्या नाहीत. परीक्षेच्या दिवसांत अजून लावतो. या आठवड्यात रात्रीचा फोन माझ्याकडे आहे.