‘सस्टेन्ड’ म्हणजे हरकत मान्य

रात्रीचे साडेअकरा झालेत. इंग्रजी शिकायला म्हणून अमेरिकन कोर्टाच्या मालिकेतला तोच चार मिनिटांचा प्रसंग आज तिसऱ्यांदा पाहिला. आधी सबटायटल्स बंद ठेवून, मग इंग्रजी सबटायटल्स लावून, आणि शेवटी पुन्हा बंद करून.

आरोपीची आई साक्षीला बसली आहे. मुलाचाच वकील तिला विचारतो, ‘त्या रात्री तुमचा मुलगा घरीच होता ना?’ समोरच्या वकीलबाई खुर्चीतून अर्धवट उठतात : ‘ऑब्जेक्शन. लीडिंग.’ न्यायाधीश कागदातून मान वर न काढता म्हणतात, ‘सस्टेन्ड.’

सस्टेन मला शाळेपासून माहीत आहे, पण ‘टिकवून धरणे’ एवढाच. इथे टिकली ती हरकत. न्यायाधीशांनी ती मान्य केली. फेटाळली असती तर ‘ओव्हररूल्ड’ म्हणाले असते. आणि लीडिंग म्हणजे उत्तर पोटात घेऊनच आलेला प्रश्न. आपल्या कायद्याच्या मराठीत सूचक प्रश्न. उलटतपासणीत तो चालतो, पण आपणच बोलावलेल्या साक्षीदाराला सरतपासणीत सहसा विचारू देत नाहीत. हे समजलं तेव्हा वकीलबाईंची ती उठण्याची घाई लक्षात आली. आईच्या तोंडून ‘हो’ निघायच्या आत त्यांना तो प्रश्न अडवायचा होता.

म्हणून आता वहीत सुटे शब्द लिहीत नाही. अख्खं वाक्य लिहिते, आणि शेजारी कोण कोणाला म्हणालं तेही. ‘द डिफेन्स रेस्ट्स’ याच्यापुढे लिहिलंय : बचाव पक्षाचं मांडून झालं. विश्रांतीचा इथे काही संबंध नाही. ‘हिअरसे’ तर ऐकताक्षणी आवडला, आपल्या ‘ऐकीव’चा सख्खा भाऊच.

पण आजचा खरा शब्द यातला कुठलाच नाही. हरकत मान्य झाल्यावर वकील प्रश्न बदलतो, ‘त्या रात्री तुमचा मुलगा कुठे होता?’ आई मांडीवरच्या हातांकडे बघत राहते आणि हळूच म्हणते, ‘ॲट होम, आय सपोज.’ वकिलाचा चेहरा पडतो. सपोज! इतका सोपा, की तो मी कधी वहीत लिहायच्या लायकीचा समजले नव्हते. वकिलाला हवं होतं ‘घरीच होता’. आई म्हणाली, ‘घरी असावा.’