आठ तास झोपता, मग दमता कशाने?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. भेटणारा जवळजवळ प्रत्येक जण मला हेच विचारतो, आणि प्रेमानेच विचारतो. पण कोविड होऊन तीन वर्षं झाली तरी एका वाक्यात देता येईल असं उत्तर मला सापडलेलं नाही.

कोविड गेला, थकवा मात्र राहिला; ते सगळं आजारपण पुन्हा सांगत नाही. पहिले सहा महिने झोपच लागत नव्हती. अंग गळून गेलेलं, आणि आत मात्र कुणीतरी सारखं धावतंय. पहाटे तीनला खडबडून जाग यायची. छाती धडधडत असायची, नाडी मोजावी तर 110. वाईट स्वप्न नाही, कसली भीतीही नाही. हळूहळू ते कमी झालं, रात्री डोळा लागायला लागला. घरच्यांना हायसं वाटलं. मला मात्र सकाळी उठल्यावर आदल्या रात्रीपेक्षा जास्त थकवा असायचा.

म्हणून स्लीप स्टडी, म्हणजे रात्रभर झोपेची तपासणी, केली. डोक्याला, कपाळाला, डोळ्यांच्या कडेला, पायांना तारा. नाकाशी नळी, छातीला पट्टा, बोटाला चिमटा. आपण रात्रभर टक्क जागे आहोत असंच मला वाटत होतं. सकाळी तारा काढणाऱ्या मुलीला मी म्हणाले, "झोप लागलीच नाही हो. परत यावं लागेल का?" ती म्हणाली, "नाही मॅडम, छान झोपला होतात तुम्ही."

रिपोर्टमध्ये झोप 6 तास 40 मिनिटं. श्वास अडण्याचं प्रमाण तासाला 3, आणि 5 च्या आत म्हणजे नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, "झोप उत्तम आहे, काळजीचं कारण नाही." नवऱ्याचा चेहरा खुलला. मला खोटं बोलताना पकडल्यासारखं झालं. काहीतरी निघावं असं मला मनापासून वाटत होतं. श्वास अडत असता तर रात्री लावायला मशीन तरी मिळालं असतं. येताना गाडीत मला गुंगी आली. घराशी पोचल्यावर नवऱ्याने हलवून उठवलं आणि म्हणाला, "बघ, लागते की झोप!" त्याला धीरच द्यायचा होता. मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. त्या दिवसाचा विषय आम्ही दोघंही अजून काढत नाही.

तपासणी चुकली असं मी म्हणत नाही. मेंदूच्या लहरी, श्वास, ऑक्सिजन, हृदयाचे ठोके हे ती मोजते. त्या झोपेने शरीर भरून निघालं का, हे तिच्यात कुठेच येत नाही. विषाणूसंसर्गानंतर अनेकदा सुरू होणारा क्रॉनिक फटीग सिंड्रोम नावाचा आजार आहे. त्याच्या 2015 च्या अमेरिकी निकषांत झोपूनही ताजंतवानं न वाटणं हे एक मुख्य लक्षण धरलेलं आहे. त्याआधी, 2011 साली, टोरांटोतल्या 22 जणांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. सार्स, म्हणजे कोविडच्याच जातीच्या विषाणूचा आधीचा आजार, होऊन गेल्यावरही त्यांचा थकवा, अंगदुखी आणि बिघडलेली झोप सुटलेली नव्हती. हे वाचलं त्या दिवशी मी रडले. हे माझ्या मनाचे खेळ नाहीत, असं लिहिलेलं मला पहिल्यांदाच दिसत होतं.

पण आजारापूर्वीची मी हे ऐकून घेतलं नसतं. फ्लूनंतर वर्षभर सावरू न शकलेल्या मैत्रिणीला मीच सांगितलं होतं, "फिरायला लाग, मोबाइल लांब ठेव, आपोआप झोप येईल." तिची माफी मागायची अजून राहिली आहे.

आणि उपाय केले नाहीत असं कृपा करून म्हणू नका. निद्रानाशावरचा वर्तनोपचारही घेतला. अंथरुणात फक्त साडेपाच तास, दुपारी पाठ टेकायची नाही, संध्याकाळी चालायचं. साध्या निद्रानाशावर तो गुणकारी ठरलेला आहे. पण माझ्या आजारात श्रमाचा फटका त्या दिवशी बसत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बसतो. तिसऱ्या आठवड्यात अंघोळीनंतर उभं राहवेना, तेव्हा सोडला. बरोबर केलं, असं मी सगळ्यांना ठासून सांगते. पण पहाटेची उरलीसुरली धडधड त्याच आठवड्यांत कमी झाली होती, हे मात्र कुणाला सांगितलेलं नाही. चालणं तेवढं सोडून बाकीचं चालू ठेवायला हवं होतं का? असेलही. आज पुन्हा तो करून बघण्याइतकी ताकद माझ्यात नाही.

आता दिवसातून दोनदा पडून राहते. झोपेसाठी नाही, पुढचं काम झेपावं म्हणून.

परवा सकाळी नवऱ्याने विचारलं, "काल कधी लागली झोप?" मी म्हटलं, "दहाला." पुढचा प्रश्न त्याच्या ओठांवर होता, पण विचारला नाही. चहाचा कप माझ्या हाताशी ठेवला आणि शेजारी बसून राहिला. त्याने विचारावं असं मला वाटत होतं की नको, ते मला तेव्हाही कळलं नाही.