गणपतीआधीची पन्हाळ

मृगाच्या आधी गच्ची झाडायची, पन्हाळी खरवडायच्या, हे आमच्याकडं सगळेच करतात. पण सोलापुरात मृग दोन सरी देतो आणि गायब होतो. इथला खरा पाऊस सप्टेंबरचा, वर्षातला सगळ्यात जास्त. उत्तरा-हस्ताचं तंत्र असं की दिवसभर उकडवायचं आणि संध्याकाळी तासाभरात ओतायचं. तोवर मे महिन्यात साफ केलेली पन्हाळ परत भरलेली असते. म्हणून माझं म्हणणं, दुसरी सफाई गणपती बसायच्या आत व्हायलाच हवी. घर झाडायचं असतंच तेव्हा, शिडी तेवढी बाहेर काढायची.

आमचं घर पूर्व भागात, शेजारी टॉवेलचे माग. पुढं स्लॅब, मागच्या पडवीवर पत्रे. या पत्र्यांच्या पन्हाळीत जे सापडतं ते विजापूर रोडच्या बंगल्यांत सापडायचं नाही: सुताचा फुफाटा. लिंबाचं पान एकटं असतं तर पाण्याबरोबर गेलं असतं. पण हे बारीक तंतू पानं, काड्या, कबुतरांची पिसं सगळं बांधून ठेवतात. दोन-तीन दिवस ऊन पडलं की खुरप्यानं एक टोक उचलायचं. नमद्यासारखी हातभर पट्टी एकसंध सोलून निघते. कडेनं बघितलं तर थर दिसतात, गुलाबी, मग पांढरा, मग हिरवा. शेजारी कधी कुठल्या रंगाचं सूत लागलं होतं त्याचा हिशोबच. मधेमधे निंबोळ्यांना कोंब फुटलेले. ते लगेच उपटायचे, नाहीतर मुळं सांध्यात शिरतात.

मग वरून बादलीभर पाणी ओतायचं आणि खाली पाइपाच्या तोंडाशी कुणाला तरी उभं करायचं. धार बारीक आली तर बेंडमध्ये अडकलंय. तिथं सळई अजिबात घालू नका. आपल्या उन्हात पीव्हीसी ठिसूळ होतं, बेंड फुटतो आणि पाणी भिंतीत मुरतं. खालच्या तोंडातून बागेची नळी वर सरकवून पाणी सोडा.

गच्चीच्या तोंडाला सपाट जाळी असेल तर ती आधी बदला, एक प्लॅस्टिकची पिशवी बसली की संपलं. उंच टोपीची जाळी घ्या. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर ५० मिमी पाऊस पडला की साडेचार हजार लिटरच्या वर पाणी होतं. ते सगळं त्या चार इंची भोकातून जायचंय. ऑक्टोबर २०२० चा पाऊस ज्यांनी बघितला त्यांना जास्त सांगायला नको.

आणि हे पाणी ड्रेनेजच्या चेंबरला जोडू नका, मोरीतून उलटं घरात येतं.

शिडी धरायला माणूस हवाच. आमच्या सासूबाई हौसेनं पुढं येतात, पण त्यांचं लक्ष शिडीपेक्षा शेजारणीकडं असतं. त्यांना मी खुरपं धुवायला देते.